हरायची मॅच

"आज जिंकायचं नाही," कोळेकर सर म्हणाले आणि आम्ही सगळ्याजणी हसलो.

सर अधूनमधून चेष्टा करायचे, म्हणून हसलो. पण ते काही हसले नाहीत. यजमान कॉलेजच्या मागं पाण्याची मोठी टाकी होती, तिच्या आडोशाला त्यांनी आम्हाला गोळा केलं होतं, आणि बोलताना ते सारखे कोपऱ्याकडं बघत होते, कुणी येतंय का म्हणून. मुमताज बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली. "म्हणजे कसं, सर?"

"म्हणजे जीव तोडून खेळू नका. खेळताय असं दिसलं पाहिजे. पण जिंकायचं नाही."

कराडला आमच्या विद्यापीठाच्या आंतरविभागीय बास्केटबॉल स्पर्धा चालू होत्या, मुलींच्या. आपापल्या विभागात जिंकलेले संघ इथं यायचे, त्यांचे दोन गट पाडायचे, आणि दोन्ही गटांतले पहिले दोन-दोन सेमीफायनलला जायचे. एका गटातल्या पहिल्याची गाठ दुसऱ्या गटातल्या दुसऱ्याशी. आमच्या गटात आम्ही आणि नलवडे कॉलेजच्या मुली, आम्ही दोघींनी बाकीच्यांना लोळवलं होतं. सेमीफायनल दोघींचीही पक्की. आता आमची आपसातली मॅच उरली होती, पहिलं कोण आणि दुसरं कोण एवढंच ठरवायला.

एरवी पहिलं यायला कुणाला नको असतं? पण त्या दिवशी सकाळी घोटाळा झाला होता. कोल्हापूरचं पद्माराणी कॉलेज, जे आम्ही शाळेत असल्यापासून कुणाला हरलेलं नव्हतं, ते हरलं. त्यांच्या दोन उंच मुली तापानं फणफणून खोलीत पडल्या होत्या. त्यामुळं ते आपल्या गटात दुसरं आलं. उद्या त्या दोघी उठणार होत्या, आणि आमच्या गटात जो पहिला येईल त्याचा भुगा करणार होत्या. दुसरा येईल त्याला मात्र एक अगदीच लिंबूटिंबू संघ मिळणार होता, म्हणजे फायनल घरबसल्या.

सर चार वर्षं आमच्या कॉलेजात तासांवर राबत होते. प्राचार्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, एखादी शील्ड आणा, मग तुमच्या कायमच्या ऑर्डरचं बघू. फायनलला हरणाऱ्यांनाही शील्ड मिळते. सर यातलं काही बोलले नाहीत, पण टाकीमागं उभ्या असलेल्या प्रत्येकीला ते माहीत होतं. या माणसानं आमच्यातल्या एकेकीच्या घरी जाऊन, चहा पिऊन, बोलणी खाऊन आम्हाला मैदानावर आणलं होतं. त्यांच्यासाठी एक मॅच हरायची म्हणजे काही फार नव्हतं.

बाकीच्यांना फार नव्हतं. माझी गोष्ट वेगळी होती.

"सर," मी म्हटलं, "आज आण्णा येणार आहेत."

सरांचा चेहरा पडला. "आजच?"

"आजच. आत्ता पोचतील."

सर थोडा वेळ चपलेनं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "त्यांना बास्केटबॉलमधलं काय कळतंय, शालन?"

आण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या बेलवाडीत त्यांना अजून पैलवान म्हणत. तरुणपणी जत्रांतनं कुस्त्या मारलेला माणूस. पुढं गुडघा दुखावला आणि सोडलं, असं आई सांगायची. घरात तो विषय निघत नसे. मला बी.ए. झाल्यावर कोल्हापूरला जायचं होतं, बी.पी.एड.ला. एक वर्षाचं शिक्षण, की शाळेत खेळाची शिक्षिका. आईचं म्हणणं, पोरीनं शिवणक्लास लावावा, आत्याच्या गावी सोय आहे, चड्डी घालून पळायचे दिवस संपले. सर दोनदा घरी येऊन आण्णांशी बोलून गेले होते. दुसऱ्या खेपेला आण्णा म्हणाले, एकदा बघतो हिचा खेळ, मग काय ते सांगतो. आण्णांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. एकदा बघणार म्हणजे एकदाच. आणि ती एकदा नेमकी ही.

मी सरांना म्हणू शकत होते, की मला बाहेर बसवा. खरं तर म्हटलंच. सर म्हणाले, कॅप्टन बाहेर बसली तर पंचांच्या डोळ्यांत येईल. तेही खरंच होतं. वर मला बाहेर बसलेली बघून आण्णांनी काय समजायचं?

मैदानावर आलो तेव्हा ते बसलेले होते. कडुनिंबाखाली सिमेंटच्या पायऱ्या होत्या, तिथं कॉलेजची पोरं दाटीवाटीनं बसली होती आणि त्यांच्यामध्ये आण्णा, पांढराशुभ्र फेटा, धोतर, मांडीवर हात. आजूबाजूच्या पोरांनी त्यांना आपणहून जागा करून दिली होती. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली.

मॅच सुरू झाली आणि पहिल्या दोन मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की काहीतरी भलतंच चाललंय. मी बॉल घेऊन पुढं गेले. त्यांची कॅप्टन रजनी थोरबोले माझ्यासमोर आली. ताडमाड मुलगी, अख्ख्या स्पर्धेत तिच्या हाताखालून बॉल नेणं म्हणजे दिव्य होतं. ती बाजूला झाली. अगदी दार उघडून "या" म्हणावं तशी. मी गोंधळले आणि बॉल बाहेर फेकला. मग त्यांच्याकडं बॉल गेला. त्यांची मुलगी रिंगखाली एकटी, समोर कोणी नाही, आणि तिनं बॉल फळीच्या वरनं पलीकडं मारला. रजनीच्या आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडला. त्यांच्याही सरांना सकाळचा निकाल कळला होता, आणि त्यांच्याही सरांना टाकी सापडली होती.

आता विचार करा. दोन संघ, दोघांनाही हरायचं आहे, आणि समोर शे-दोनशे माणसं. खो-खो नाही, कबड्डी नाही, की बरोबरीत सोडवली आणि घरी गेलं. बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते. बरोबरी झाली तर पाच मिनिटं जादा, पुन्हा झाली तर पुन्हा पाच मिनिटं. कुणीतरी जिंकल्याशिवाय तुम्हाला त्या चौकटीतनं कुणी बाहेर सोडत नाही.

आम्ही पास द्यायचो ते कुणी नाही अशा जागी. त्या धावायच्या त्या बॉल सोडून. मुमताजनं एकदा हातात आयता आलेला बॉल गरम भजी असल्यासारखा टाकून दिला. पायऱ्यांवर आधी हसणं सुरू झालं, मग हुर्यो. सरांनी छायाला आत पाठवलं. छाया गुणी मुलगी, पण तिचा बॉल वर्षभरात रिंगला शिवलेला नव्हता. ती आत आली, घाबरून अर्ध्या मैदानातनं बॉल वर फेकला, आणि तो सरळ जाळीतनं खाली. सरांनी कपाळाला हात लावला. छाया बिचारी उड्या मारत होती, आणि आमच्यातली एकही तिच्या पाठीवर थाप मारायला गेली नाही. त्याचं मला आजही हसू येतं आणि वाईटही वाटतं.

त्याच्यावर कडी केली नलवडेच्या एकीनं. तिनं बॉल घेतला, वळली आणि चक्क आपल्याच रिंगमध्ये टाकला. शिट्टी वाजली. पंच वयस्क होते, सैन्यातनं निवृत्त झालेले. त्यांनी मला आणि रजनीला मधल्या गोलात बोलावलं. मुद्दाम आपल्यावरच केलेला बास्केट धरला जात नाही, ते म्हणाले, आणि यापुढं असलं काही दिसलं तर दोन्ही संघांना स्पर्धेतनं काढायला लावीन, तुमच्या सरांनाही बंदी घालायला लावीन. म्हणजे आता जिंकायचं नाही, आणि हरताना दिसायचंही नाही. रजनी परत जाताना पुटपुटली, "तू मार ना बाई एकदाची." मी म्हटलं, "तूच मार."

मध्यंतराला मी तोंड धुवायला नळावर गेले. वर बघते तर आण्णा शेजारी उभे.

आण्णा आवाज चढवून बोलत नसत. त्यांनी फेट्याचं टोक पुढं केलं, तोंड पुसायला. मग विचारलं, "ही नुरा हाय न्हवं?"

आमच्या भागात हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. नुरा म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. दोघं अंगाला माती लावतात, शड्डू ठोकतात, घाम गाळतात, पण कोण पडणार ते आदल्या दिवशीच ठरलेलं असतं. पब्लिकनं ओळखलं तर पैलवानांना मैदानातनं हाकलून काढतात, आणि मग त्या गावाच्या जत्रेत तोंड दाखवायची सोय राहत नाही. सर म्हणाले होते, आण्णांना काय कळतंय. बास्केटबॉलमधलं खरंच काही कळत नव्हतं. पण कुस्तीच्या डावात जोर काढून मारलेली ढाक आणि नुसती लावलेली ढाक यांतला फरक या माणसाला लांबून कळायचा.

मी मान खाली घातली. खोटं बोलायचं म्हटलं तरी बोलू शकले नसते.

"पर ह्यात पडायचं कुणी ठरलंय?" आण्णांनी विचारलं. "मला तर दोघीबी पडाय बघताय असं दिसतंय."

मी म्हटलं, तसंच आहे. सकाळचं सगळं सांगितलं. सरांचं नाव घेतलं नाही. आण्णांनी मान वळवून बाकावर बसलेल्या कोळेकर सरांकडं बघितलं. सर टॉवेल पिळत होते, टॉवेल कोरडाच होता. आण्णा त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिले. रागानं नाही. मला तेव्हा वाटलं, आता हे म्हणणार, चल घरी. म्हणाले असते तर मी गेलेही असते, सुटले असते.

"आण्णा, तुम्ही जावा," मीच म्हटलं. "पुन्हा कधीतरी बघा माझा खेळ."

"मी बसतो," आण्णा म्हणाले. "संपूस्तोवर बसतो. मग बोलू." आणि जाऊन बसले.

उत्तरार्ध कसा गेला ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पंचांच्या धाकानं आता दोन्हीकडनं बास्केट होत होते, पण मोजूनमापून. त्यांनी एक घातला की आम्ही एक घालायचा, कारण पुढं गेलं तर पंचाईत आणि फार मागं पडलं तर पंच बघतायत. मी खेळत होते आणि पांढरा फेटा दिसत होता. इकडं वळले तरी दिसायचा, तिकडं वळले तरी दिसायचा. ऊन उतरत होतं, गळ्याला कोरड पडली होती आणि ते मैदान एवढंसं झालं होतं, गोठ्याएवढं. शिट्टी झाली तेव्हा बरोबरी. पायऱ्यांवरची निम्मी पोरं उठून गेली. जादा वेळेची पाच मिनिटं सुरू झाली.

शेवटी शेवटी आम्ही एका गुणानं मागं होतो. सरांनी बाकावरून मला डोळ्यांनी सांगितलं, बास, असंच राहू दे. मी बॉल घेऊन कोपऱ्यात उभी राहिले. रजनी माझ्याजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर रडू होतं अगदी. वेळ संपत आला होता आणि ती जिंकत होती. तिनं पुढं होऊन माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, घट्ट, भांडणात धरतात तसं.

फाऊल. मला दोन फ्री थ्रो. पंचांनी वेळ लावणाऱ्यांच्या टेबलाकडं बघितलं, टेबलावरून हात वर झाला, वेळ संपली म्हणून. मग त्यांनी बाकी सगळ्यांना मागं पाठवलं. राहिले मी एकटी, पंच, आणि समोर रिंग.

माझा फ्री थ्रो सहसा चुकत नसे. सरांनीच बसवून घेतला होता, रोज सगळ्या मुली गेल्या की मागं ठेवून. दोन्ही चुकवले तर एका गुणानं हरलो, सरांचं काम झालं. एक गेला तर बरोबरी, पुन्हा पाच मिनिटं. दोन्ही गेले तर जिंकलो. हिशेब सोपा होता, आणि मी तो करून टाकला होता. दोन्ही चुकवायचे. आण्णांना दिसायचं ते दिसू दे, आत्याच्या गावी जायचं तर जाऊ. चार वर्षं त्या माणसाचं मीठ खाल्लं होतं. असं मी स्वतःला सांगितलं आणि बॉल उचलला.

"शालन, आरामात," सर बाकावरून म्हणाले. पायऱ्यांवरच्यांना वाटलं असेल, धीर देतायत.

मी रिंगच्या उजव्या अंगाला मारायचं ठरवलं. जोरात. बॉल सुटला तो फळीच्या कोपऱ्याकडंच, रिंगच्या कडेला आदळला, वर उडाला, फळीला लागला, आणि आत. मी बघतच राहिले. टाळ्या वाजल्या, थोड्याच, कारण माणसंही थोडीच उरली होती.

बरोबरी. पंचांनी बॉल पुन्हा माझ्याकडं टाकला.

आता हाही चुकवला तर पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा रजनी, पुन्हा ते रिकाम्या जागी पास देणं, आणि त्या पाच मिनिटांनंतरही बरोबरी झाली तर पुन्हा. सर उभे राहिले होते. त्यांनी मान डावी-उजवीकडं हलवली, अगदी थोडी. मला त्यांची कीव आली. देवाशपथ, त्या क्षणी मला सगळ्यांत जास्त माया त्यांचीच वाटत होती. मी आण्णांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते, पण त्यांनी ना मान हलवली, ना डोळा. तिथनं काही मिळणार नव्हतं.

मी बॉल दोनदा आपटला. गुडघे वाकवले, कोपर आत घेतलं, रिंगच्या मागच्या कडेवर नजर ठेवली. सरांनी शिकवलं होतं अगदी तसं. आणि मारला. रिंगला शिवलासुद्धा नाही तो, सरळ जाळीतनं खाली.

नलवडेच्या मुली हरल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आम्ही जिंकलो आणि आमच्यातली एकही बोलेना. नुसती छाया काय ती हसत होती, आणि मुमताजनं तिला कोपरानं ढोसलं.

सरांचं पुढं काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर विचाराल. दुसऱ्या दिवशी पद्माराणीनं आमचा खरंच भुगा केला. नलवडेच्या मुली फायनलला गेल्या, हरल्या, आणि शील्ड घेऊन घरी गेल्या. सरांची ऑर्डर त्या वर्षी निघाली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग ते जतकडं एका शाळेत लागले. मला ते त्या मॅचबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मला नोकरी लागली तेव्हा पेढे द्यायला मी त्यांच्याकडं गेले. त्यांनी पेढा खाल्ला, शाळेचं मैदान केवढं आहे ते विचारलं, आणि रिंगा कुठनं घ्याव्यात ते सांगितलं. घरी येईपर्यंत मी एस.टी.त रडत होते.

पण त्या दिवशी संध्याकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. आण्णांना गाडीवर बसवायला मी स्टँडपर्यंत गेले. विट्याची गाडी लागलेली होती, ड्रायव्हर चहा पीत होता. आण्णांनी खिडकीतनं पिशवी आत टाकून जागा धरली आणि खालीच उभे राहिले.

"पयला तुला चुकवायचा हुता," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, त्यांनी ते धरलं नसेल. जिंकले एवढंच दिसलं असेल, आणि तेवढ्यावर हो म्हणतील. मी म्हटलं, "व्हय."

"आन दुसरा?"

"दुसरा मारला."

आण्णांनी फेटा काढला. भर स्टँडवर त्यांना बोडक्या डोक्यानं मी कधी बघितलं नव्हतं. फेटा हातात घेऊन ते त्याच्याकडं बघत बोलायला लागले, माझ्याकडं नाही.

"गुडघ्याला काय झालं नव्हतं माझ्या. तुझ्या आईला तसं सांगितलंय. वस्ताद म्हणाला, ह्या खेपंला पड. माणूस चांगला हुता, त्येची अडचण हुती. मी पडलो. पब्लिकला कळलं न्हाय, समद्यांचं भागलं." ते थांबले. "कुस्तीत पाठ टेकली की संपलं, शालन. मला दुसरा मिळाला न्हाय."

ड्रायव्हर आला. कंडक्टरनं घंटी मारली. आण्णांनी घाईघाईनं फेटा कसातरी डोक्याला गुंडाळला आणि आत चढले. मी खिडकीखाली गेले.

आण्णांनी खिडकीतनं मान बाहेर काढली. "कोल्हापूरला त्या वसतिगृहात," त्यांनी विचारलं, "अंथरूण-पांघरूण आपलं न्यावं लागतं का तिथलं देत्यात?"

"विचारून सांगते," मी म्हटलं, आणि गाडी हलली.